शिष्यवृत्तीनंतरचा खर्च

(मोशी येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)





अशा मेळाव्यात शिक्षणाचे महत्त्व सांगण्याची प्रथा आहे. आज मी ते सांगणार नाही. इल्म हासिल करणे फर्ज आहे हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि ज्यांना ते पटलेले नाही ते आज कामाची सुट्टी घालवून येथे आलेच नसते. मला आज बोलायचे आहे ते पैशाविषयी. विषय रूक्ष आहे, पण या रूक्ष विषयाकडे दुर्लक्ष केल्यामुळे माझा एक चांगला विद्यार्थी माझ्या डोळ्यांदेखत शिक्षणातून गेला. त्याची हकीगत आधी सांगतो. नाव सांगत नाही, कारण तो याच भागात राहतो.

मुलगा हुशार होता. वडील टेम्पो चालवतात. बारावीनंतर त्याला एका खासगी महाविद्यालयात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि शिष्यवृत्तीही मंजूर होणार असे कळले. वडील पेढे घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, आधी फी माफ झाली." मी पेढा खाल्ला, मुलाच्या पाठीवर थाप मारली आणि त्यांना निरोप दिला. पहिले वर्ष आईच्या बांगड्यांवर निघाले. दुसऱ्या वर्षी मुलाने घरच्यांना ओझे नको म्हणून ठेकेदारामार्फत चाकणच्या एका कारखान्यात रात्रपाळी धरली. सकाळी तो वर्गात झोपू लागला, पुढे वर्गात जाईनासा झाला. हजेरी कमी पडली, विषय राहिले, वर्ष गेले आणि वर्षाबरोबर शिष्यवृत्तीही गेली. आज तो त्याच कारखान्यात, त्याच ठेकेदाराकडे आहे. फरक एवढाच की आता त्याची पाळी दिवसाची आहे.

त्या घराने "आधी फी माफ" हे शब्द "आधा खर्च माफ" असे ऐकले होते. ते त्यांना समजावून देणे माझे काम होते. त्या दिवशी मी शाबासकी दिली, हिशेब विचारला नाही. ही चूक माझी आहे, आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून आज आपला वेळ घेत आहे.

याच्या उलट चूकही आपल्याकडे होते. एका मुलीला बारावीला उत्तम गुण होते. घरच्यांनी महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात लाखाच्या वरचा आकडा पाहिला आणि फॉर्मच भरला नाही. वस्तुतः महाराष्ट्र शासनाने ८ जुलै २०२४ रोजी निर्णय काढला आहे. त्यानुसार इतर मागासवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग यांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेस ही सवलत नाही. त्या मुलीला ही सवलत मिळण्यासारखी होती. ज्या आकड्याला घर घाबरले, तो आकडा तिला भरावाच लागणार नव्हता.

एक घर सवलतीच्या आनंदात फसले, दुसरे छापील आकड्याच्या भीतीने मागे फिरले. दोघांनीही एक गोष्ट केली नाही. सवलत वजा जाता, पहिल्या दिवसापासून पदवी हाती पडेपर्यंत, आपल्या खिशातून एकूण किती जाणार, हे कागदावर मांडले नाही. माझे आजचे सारे सांगणे एवढेच आहे. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, अशी ताकीद कुरआन शरीफात सूरह बकरामध्ये आहे. घराचे शिक्षण हाही चार वर्षांचा व्यवहारच आहे. तोही लिहावा.

आता लिहायचे कसे ते पाहू.

पहिली गोष्ट, फी या एका शब्दात अनेक रकमा असतात. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी २०१५ च्या कायद्याने नेमलेले शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क असे दोन भाग असतात. सवलत बहुधा शिक्षण शुल्कावर असते, विकास शुल्क आपल्यालाच भरावे लागते. त्याशिवाय अनामत रक्कम, ओळखपत्र, गणवेश, सहल अशा नावांनी पावत्या निघतात. म्हणून प्रवेशाच्या खिडकीवर "एकूण किती?" एवढेच विचारू नका. "शिक्षण शुल्क किती, विकास शुल्क किती, इतर किती, आणि परत मिळणारे किती?" असे चार प्रश्न विचारा, आणि प्रत्येक रुपयाची पावती घ्या. पावती न देता मागितलेला रुपया देऊ नका; अशा देणगीला या राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. वह्यीचा पहिला संदेश 'इक्रा', म्हणजे वाच, असा आहे. माझ्या मते फीची पावतीही वाचण्याच्या वस्तूंत मोडते.

मुलगा आणि मुलगी यांत आता मोठा फरक आहे. इतर मागासवर्गातील मुलास शिक्षण शुल्काची निम्मी सवलत आहे. खुल्या वर्गातील ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलास राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून निम्मी सवलत आहे. मुलीला पूर्ण. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची वेगळी शिष्यवृत्तीही आहे. परंतु एकाच फीसाठी दोन शासकीय शिष्यवृत्त्या सहसा मिळत नाहीत, म्हणून आपल्याला अधिक लाभाची कोणती ते आधी पाहून मगच अर्ज करावा.

साधी पदवी घेणाऱ्यांनी आणखी एक शब्द लक्षात ठेवावा, अनुदानित. एकाच महाविद्यालयात, एकाच मजल्यावर, अनुदानित तुकडीची फी थोडी असते आणि विनाअनुदानित तुकडीची तिच्या कित्येक पट असते. पदवी मात्र विद्यापीठाची तीच. प्रवेश घेताना तुकडी कोणती हे विचारायला पैसे पडत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. महाविद्यालय पैसे मागते प्रवेशाच्या दिवशी आणि शासनाचे पैसे येतात पुढे केव्हातरी, हप्त्याहप्त्याने. अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरायचा असतो. आधार बँक खात्याला जोडलेले नसेल, नावाचे स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेवर एक आणि आधारवर दुसरे असेल, तर मंजूर झालेली रक्कमही अडकून पडते. आपल्याकडे शेख आणि शैख, मोहंमद आणि मोहम्मद यांत किती घरांचे पैसे अडकले असतील! हे दुरुस्त करण्याची वेळ दहावीनंतरची सुट्टी ही होय. म्हणजे वहीत दोन आकडे हवेत. चार वर्षांत एकूण किती लागणार हा एक, आणि पहिल्या जुलैत रोख किती लागणार हा दुसरा. अनेक घरे पहिल्या आकड्याने मोडत नाहीत, दुसऱ्याने मोडतात.

तिसरी गोष्ट फीबाहेरचा खर्च. बसचा पास, डबा, पुस्तके, प्रयोगवह्या, ड्रॉइंगचे साहित्य, प्रकल्प, आणि आता संगणक. हा खर्च कोणतीही माहितीपुस्तिका छापत नाही.

आपण एक उदाहरण मांडू. आकडे केवळ समजुतीसाठी धरले आहेत. आपापले खरे आकडे आपण घालावेत. समजा, इंजिनिअरिंगचे शिक्षण शुल्क वर्षाला १,००,००० रुपये आणि विकास शुल्क १०,००० रुपये आहे. मुलाला निम्मी सवलत मिळाली. म्हणजे ५०,००० अधिक १०,००० असे ६०,००० त्याला भरायचे. प्रवास, डबा, पुस्तके मिळून वर्षाला ३०,००० धरा. झाले ९०,०००. चार वर्षांचे ३,६०,०००, आणि एकदाच घ्यायच्या संगणकाचे ४०,००० मिळवले की ४,००,००० रुपये. त्याच घरातील मुलीला शिक्षण शुल्क शून्य. तिचे वर्षाला १०,००० अधिक ३०,०००, म्हणजे चार वर्षांचे १,६०,०००, आणि संगणक धरून २,००,००० रुपये. ज्या घरात "मुलाला इंजिनिअर करू, मुलीला बी.ए. करू, तिच्यावर एवढा खर्च कशाला" असे ठरते, त्या घराने ही बेरीज पाहावी. आज मुलीचे इंजिनिअरिंग मुलाच्या निम्म्या खर्चात होते.

आता हाच मुलगा सरकारी महाविद्यालयात गेला तर? आपल्या पुणे-नाशिक रस्त्यानेच पुढे गेले की मंचरजवळ अवसरी खुर्द येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, २००९ साली सुरू झालेले. सरकारी महाविद्यालयाची फी खासगीपेक्षा बरीच कमी असते. परंतु मोशीहून रोज जाणे-येणे अवघड, म्हणून तेथे राहावे लागणार. समजा सवलतीनंतर फी १५,००० राहिली, राहण्या-जेवणाचे दहा महिन्यांचे ५०,००० आणि किरकोळ १०,००० लागले, तर वर्षाचे ७५,००० होतात. घरून जाऊन शिकण्याचे ९०,००० होते. फरक १५,००० चा. कागदावरील फीच्या फरकाइतका तो मोठा नाही, पण चार वर्षांत तोही ६०,००० होतो. शिवाय घराबाहेर राहून व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांना तिचा विशेष लाभ होतो. बांधकामावर जाणाऱ्या आपल्या कित्येक बंधूंनी अजून मजूर म्हणून नोंदणीच केलेली नाही. ती केली असती तर मुलाच्या जेवणाचा खर्च निघाला असता.

चौथी गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती आपल्या भागाची खास आहे. एका बाजूला भोसरी, दुसऱ्या बाजूला चाकण, आणि मध्ये आपली मोशी. बारावी झालेल्या मुलाला येथे आठवड्यात काम मिळते. समजा महिना १५,००० मिळतात. वर्षाचे १,८०,०००, चार वर्षांचे ७,२०,०००. हे पैसे मुलगा शिकत असताना घरात येत नाहीत. हा खर्च कोणत्याही पावतीवर नसतो आणि कोणतीही शिष्यवृत्ती तो भरून देत नाही. फी, बस, डबा, संगणक हे सर्व मिळूनही तो मोठा आहे. चाचा लोक म्हणतात, "शेजारच्याचा पोरगा कमावतो, आपला पुस्तके घेऊन फिरतो." त्यांचे बोलणे अडाणीपणाचे नाही, ते याच खर्चाविषयी बोलत असतात. आपण शिक्षकांनी त्यांना हसू नये, उत्तर द्यावे.

माझे उत्तर असे आहे. ठेकेदारीतला पगार पहिल्या दिवशी चांगला दिसतो, पण दहा वर्षांनी तो माणूस तेथेच उभा असतो, आणि मंदी आली की पहिला बाहेर पडतो. २०२० सालच्या टाळेबंदीत कोणाचे काम आधी गेले हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही पदवी घेतली की नोकरी ठेवलेलीच आहे, असे वचन मी देणार नाही. म्हणून ज्या घराला चार वर्षे थांबणे खरोखर शक्य नाही, त्याने लाजू नये. मोरवाडीला महापालिकेची औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे, आणि त्यानंतर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. अर्ध्यावर सोडलेल्या पदवीपेक्षा पूर्ण केलेला आयटीआय बरा. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या घराने हा हिशेब आधी केला असता तर त्याने एक तर योग्य तजवीज केली असती, नाहीतर पदविकेचा मार्ग धरला असता. रात्रपाळीत त्याचे शिक्षण बुडाले नसते.

आता कागदपत्रांविषयी थोडे. हिशेबातील सवलत कागदाशिवाय मिळत नाही. राज्य शासनाच्या ७ डिसेंबर १९९४ च्या निर्णयानंतर मुस्लिमांतील अनेक व्यावसायिक जमातींना इतर मागासवर्गाच्या सवलती मिळू लागल्या. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन, मणियार अशा घरांनी जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र आणि जात पडताळणी यांची तयारी अकरावीतच सुरू करावी. अडचण अशी येते की आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात केवळ "मुसलमान" लिहिलेले असते, आणि पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. मोशी १९९७ साली महापालिकेत आली. आपल्यापैकी बहुतेक घरे त्या सुमारास किंवा नंतर, कोणी मराठवाड्यातून, कोणी सोलापूरकडून येथे आली. म्हणजे पुरावा येथे नाही, गावच्या जुन्या शाळेत किंवा तहसीलच्या दप्तरात आहे. ईदला गावी जाल तेव्हा एक दिवस त्या शाळेसाठी ठेवा. जी घरे या यादीत नाहीत त्यांनी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र काढावे. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला तर सर्वांनाच लागतो.

जुन्या माहितीवरही विसंबू नका. केंद्र सरकारची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली. आपल्या मुलींना बेगम हजरत महल शिष्यवृत्ती देणारे मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन बंद करण्याचा आदेश २०२४ मध्ये निघाला. याचे दुःख वाटते, पण बंद झालेली योजना वहीत जमेस धरून चालत नाही. दरवर्षी नव्याने चौकशी करावी.

कर्जाविषयी एवढेच म्हणतो की कर्ज ही मदत असली तरी ती सवलत नव्हे. महाविद्यालयात कोणी "लोन करून देतो, काही भरावे लागणार नाही" म्हणाले तर ती रक्कम वहीत खर्चाच्याच बाजूला लिहा. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडून कमी व्याजाने शैक्षणिक कर्ज मिळते. व्याजाचा व्यवहार नको असे ज्या घरांना वाटते त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. त्या घरांसाठी समाजानेच काही केले पाहिजे, आणि माझी संस्थेला विनंती आहे ती याच संदर्भात.

आपल्या आधीच्या थोर माणसांना हा फीबाहेरचा खर्च बरोबर कळला होता. राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा कायदा १९१७ मध्ये केला, पण त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, ते कोल्हापुरात वसतिगृहे उभी करत होते. १९०६ साली तेथे मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि महाराजांनी तिच्या मुस्लिम बोर्डिंगला आधार दिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. ते चालवण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, आणि मुलांना कमवा व शिका हा मार्ग मिळाला. खेड्यातला मुलगा फीमुळे जितका अडतो, त्याहून अधिक तो भाकरीमुळे अडतो, हे त्यांनी ओळखले होते. आज फीची सवलत सरकार देते. भाकरीचा, बसचा आणि थांबलेल्या पगाराचा प्रश्न मात्र आजही आपल्यापुढे तसाच आहे.

म्हणून माझी विनंती. संस्थेने दरवर्षी मे आणि जूनमध्ये दोन रविवार एक टेबल मांडावे. मी आणि माझे दोन सहकारी तेथे बसू. पालकांनी प्रवेशाचे कागद घेऊन यावे, आपण मिळून त्यांची वही लिहू. आणि जमल्यास जकात, सदका यांपासून वेगळा, कर्जे हसनाचा एक छोटा निधी उभारावा. पहिल्या जुलैत लागणारी रोख रक्कम त्यातून द्यावी, शासनाचे पैसे आले की ती परत घ्यावी आणि पुढच्या मुलाला द्यावी. थोड्या पैशांतून अनेक घरांचा जुलै निघेल.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हालाही एक सांगणे आहे. घरात पैसे कमी पडू लागले तर गुपचूप रात्रपाळी धरू नका. आधी अब्बांशी, अम्मीशी बोला, मग आमच्याकडे या. एक वर्ष गेले तर फक्त ते वर्ष जात नाही, सवलत जाते, एका वर्षाचा पगार लांबतो आणि घराचा विश्वास जातो. वर्षाच्या मध्यावर आलेल्या मुलासाठी काहीतरी करता येते. सोडून गेल्यावर आलेल्यासाठी करण्यासारखे फार थोडे उरते.

पालकहो, आज घरी गेल्यावर एक वही काढा. पहिल्या पानावर मुलाचे किंवा मुलीचे नाव लिहा. खाली चार ओळी: सवलतीनंतरची फी, फीबाहेरचा खर्च, घरात न येणारा पगार, आणि पहिल्या जुलैची रोख रक्कम. आकडे येत नसतील तर रकाने मोकळे ठेवा आणि वही घेऊन आमच्याकडे या. पुढच्या वेळी कोणी पेढे घेऊन आले, तर मी ते आनंदाने खाईन. पण आधी वही मागेन.